रॉक ग्लेशियरचा नकाशा आणि त्यातल्या पाण्याचा हिशेब: लाहौल-स्पितीसाठी कामाची पद्धत

सप्टेंबरमध्ये हिमाचलच्या स्पितीतल्या गावाच्या वर नजर टाकली, तर डोंगरावर बऱ्याच ठिकाणी पांढरं काही दिसत नाही. तरीही नाल्यात पाणी चालू असतं, आणि कुलेतून ते वाटाण्याच्या शेतात पोचतं. (कूल म्हणजे तिकडचा पाट.) नाल्याच्या माथ्याशी घसाऱ्यातून, म्हणजे कड्याखाली साचलेल्या सुट्या दगडांच्या उतारातून, उतरलेली दगडांची एक जाड जीभ असते. तिच्या अंगावर आडव्या सुरकुत्या आणि पुढे उभं तोंड. हा रॉक ग्लेशियर. वरून नुसते दगड दिसतात, पण आत बर्फ आणि दगड एकमेकांत कालवलेले असतात, आणि सगळा गोळा उताराने हळूहळू सरकत असतो: वर्षाला काही सेंटिमीटर ते एक-दोन मीटर.

आतला बर्फ टिकतो तो पर्माफ्रॉस्टमुळे, म्हणजे सलग दोन वर्षं किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंशाखाली राहिलेल्या जमिनीमुळे. वरचा दगडांचा थर, साधारण अर्धा ते पाच मीटर जाडीचा, उन्हाळ्यात शून्याच्या वर जातो. त्याखालचा भाग गोठलेलाच राहतो. मोठ्या धोंड्यांच्या फटींत गार हवा साचून राहते, त्यामुळे उघडी हिमनदी आटते तितक्या वेगाने हा बर्फ आटत नाही. (पुढे सगळीकडे ‘हिम’ म्हणजे पडलेलं भुसभुशीत हिम आणि ‘बर्फ’ म्हणजे घट्ट गोठलेला बर्फ.)

हिमाचलमध्ये असे पाचशेहून अधिक रॉक ग्लेशियर नोंदले गेले आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने संपूर्ण हिमालयासाठी सुमारे २५,००० रॉक ग्लेशियर आणि त्यांत ५१.८ घन किलोमीटर पाण्याइतका बर्फ असा अंदाज दिला. हा आकडा साठ्याचा आहे, दर वर्षी खाली येणाऱ्या पाण्याचा नाही. या दोन गोष्टींची गल्लत हीच या विषयातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून खालची पद्धत दोन्ही हिशेब पहिल्यापासून वेगळे ठेवते.

सामग्री

नकाशासाठी क्यूजीआयएस हे संगणकावर नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे, आणि ते फुकट मिळतं. जोडीला संगणकावरचं गूगल अर्थ प्रो घ्या, कारण त्यात जुन्या तारखांच्या प्रतिमा उलगडून बघता येतात. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटरच्या (म्हणजे एक ठिपका १० मीटरचा) प्रतिमा आडवा-उभा विस्तार बघायला ठीक, पण सुरकुत्या आणि तोंडाची कड त्यांत नीट दिसत नाही. रेषा मारण्यासाठी एक मीटर किंवा त्याहून बारीक प्रतिमा हवी.

उंचीसाठी कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाचं ३० मीटरचं डीईएम घ्या. (डीईएम म्हणजे चौकटी-चौकटींत जमिनीची उंची देणारा अंकीय नकाशा; ३० मीटर ही एका चौकटीची बाजू.) इस्रोच्या भुवनवर कार्टोसॅटवरून बनवलेलं डीईएमही मिळतं. काही भागांसाठी ‘हाय माउंटन एशिया’ या संचातलं ८ मीटरचं डीईएम आहे. ते मिळालं तर तेच वापरा. कारण सोपं आहे: २० मीटर उंचीचं, ३५ अंश उताराचं तोंड नकाशावर जेमतेम २९ मीटर लांबीचं असतं, म्हणजे ३० मीटरच्या एका चौकटीपेक्षाही कमी. अशा डीईएमवर उतार काढला तर ते तोंड २०-२५ अंशांचं सपाट टेकाड वाटतं, आणि चांगला सक्रिय रॉक ग्लेशियर ‘निष्प्राण’ म्हणून बाजूला पडतो. तोंडाचा उतार ३० मीटरच्या डीईएमवरून कधीही ठरवू नका.

प्रक्षेपणाचा एक स्थानिक घोळ आधीच सांगतो. यूटीएम या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये मोजतात. तिचे ४३ आणि ४४ हे पट्टे ७८ अंश पूर्व रेखांशावर जुळतात. केलांग आणि लेह ४३ मध्ये आहेत, तर काझा जेमतेम ४४ मध्ये येतं. स्पितीचं काम करताना अर्धे पॉलिगॉन (नकाशावर काढलेल्या बंद सीमा) एका पट्ट्यात आणि अर्धे दुसऱ्यात जातात, आणि मग एकत्र करताना गोंधळ होतो. सुरुवातीलाच एक पट्टा ठरवून सगळा प्रकल्प त्यातच ठेवा. साठवायला जिओपॅकेज हा फाइल-प्रकार वापरा. शेपफाइलमध्ये स्तंभाचं नाव दहा अक्षरांवर तुटतं, आणि देवनागरी नोंदी कधी कधी बिघडतात.

आधी ओळख पटवा

प्रतिमा ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीची निवडा, म्हणजे हिम सगळ्यात कमी असतं. मात्र रॉक ग्लेशियरला उत्तरेकडचे, सावलीतले उतार आवडतात, आणि ऑक्टोबरमध्ये सूर्य खाली आल्यामुळे नेमके तेच काळोखात जातात. तिथे जुलैअखेरची प्रतिमा शेजारी उघडून ठेवा.

डोळ्यांना एक चकवा बसतो, तोही ध्यानात घ्या. हे उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात, तेव्हा ऊन आग्नेयेकडून येत असतं. वरून, उत्तर वर ठेवून बघताना आपला मेंदू मात्र उजेड वरच्या बाजूने आहे असं धरतो, त्यामुळे उंचवटे खळग्यांसारखे आणि खळगे उंचवट्यांसारखे दिसतात. नकाशा १८० अंशांत फिरवा, दक्षिण वर करा. सुरकुत्या लगेच सरळ दिसू लागतात.

आता खुणा. तोंड उभं असतं, ३० ते ४० अंशांचं, वरच्या सपाटीशी धारदार कडेने जुळलेलं. दोन्ही बाजूंना कडा असतात, शेजारच्या उतारापासून पूर्ण वेगळ्या. पाठीवर आडव्या किंवा लांबीच्या दिशेने कडा-खळग्यांची रांग असते, घट्ट पिठाची धार ताटात पडून दुमडावी तशी. तीनपैकी तोंड आणि बाजूच्या कडा या दोन खुणा हव्यातच. सुरकुत्या नसल्या तरी चालतं.

सरकत असलेल्या रॉक ग्लेशियरचं तोंड जवळून बघण्यासारखं असतं. पाठीवरचे धोंडे उन्हापावसाने काळपट-तांबूस झालेले, काहींवर दगडफूल चढलेलं. तोंडाच्या वरच्या भागात मात्र ताजी, फिकट राखाडी माती आणि बारीक खडी उघडी पडलेली असते, कारण आतला माल सतत पुढे ढकलला जातो आणि वरचा थर ढासळत राहतो. पायथ्याशी नुकते गडगडलेले मोठे धोंडे पसरलेले असतात. हा रंगफरक अर्ध्या मीटरच्या प्रतिमेतही ओळखू येतो.

चुका बहुतेक चार ठिकाणी होतात. दगडांनी झाकलेली हिमनदी ही पहिली. तिच्या पाठीवर छोटी तळी, बर्फाचे उघडे कडे आणि वळणं घेत जाणारे ओहोळ दिसतात, आणि आडवा छेद बहुधा मध्ये खोलगट असतो. रॉक ग्लेशियरची पाठ सहसा फुगीर असते. कित्येक ठिकाणी वर झाकलेली हिमनदी आणि खाली रॉक ग्लेशियर असा सलग पट्टाच असतो, आणि नेमकी हद्द जमिनीवरही सापडत नाही. दुसरी चूक हिमोढाची: हिमोढ म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीची एकेरी, निमुळती धार, सलग जाड अंग नाही. तिसरी दरडीची. कोसळलेल्या दरडीचा ढीग अस्ताव्यस्त असतो, आणि वर कड्यात तिने सोडलेली खाच शोधली की सापडते. चौथी चूक नाल्याच्या तोंडाशी पसरलेल्या गाळाच्या पंख्याची, पण त्याचा उतार खाली मंद होत जातो, तोंड उभं नसतं.

युरोपात लिहिलेली मार्गदर्शनं सांगतात की तोंडावर झाडोरा असेल तर रॉक ग्लेशियर मृत समजावा, नसेल तर जिवंत. स्पितीत ही कसोटी चालत नाही. ४,५०० मीटरच्या वर या थंड वाळवंटात तसंही फारसं काही उगवत नाही, त्यामुळे ‘झाडोरा नाही’ यावरून काहीच सिद्ध होत नाही. इथे तोंडाचा ताजा रंग, वरच्या कडेची धार आणि प्रत्यक्ष हालचाल यांवरच भिस्त ठेवा. पाठ मधोमध बसकी झाली असेल आणि कडा गोलसर झाल्या असतील, तर आतला बर्फ गेल्याची शक्यता बरीच आहे.

रेषा मारणं

आंतरराष्ट्रीय पर्माफ्रॉस्ट संघटनेच्या गटाने २०१८ पासून रॉक ग्लेशियरच्या यादीसाठी एकसारखे नियम बसवले आहेत. तेच पाळा, म्हणजे तुमची यादी आल्प्स किंवा अँडीजच्या यादीशी ताडता येईल.

पॉलिगॉन काढायच्या आधी प्रत्येक रॉक ग्लेशियरवर एक बिंदू ठेवा आणि त्याला क्रमांक द्या. सीमा पुढे बदलतील, बिंदू बदलत नाही. सगळ्या खोऱ्यात आधी बिंदू टाका आणि मगच रेषांना हात घाला. एकेक पूर्ण करत पुढे गेलात, तर पहिल्या आठवड्यातली नजर आणि चौथ्या आठवड्यातली नजर यांत फरक पडतो, आणि तो यादीत उतरतो.

रेषा मारताना पडद्यावरचं प्रमाण १:५,००० च्या आसपास कायम ठेवा. कधी १:२,००० आणि कधी १:२०,००० असं केलं की कडेचा तपशील जागोजागी वेगळा होतो. प्रत्येकाच्या दोन सीमा काढा. बाहेरची सीमा तोंडाचा आणि बाजूंचा उतार धरून थेट पायथ्यापर्यंत जाते. आतली सीमा वरच्या कडेवर थांबते, उतार वगळते. दोन्ही का? लहान, जाड रॉक ग्लेशियरमध्ये हा उतार एकूण क्षेत्राचा मोठा हिस्सा असतो. एकाने बाहेरची धरली आणि दुसऱ्याने आतली, तर तुलना कोसळते. पाण्याच्या हिशेबात कोणती वापरली ते नेहमी लिहा.

खालची आणि बाजूची सीमा सोपी असते, जीव काढते ती वरची. घसारा कुठे संपतो आणि रॉक ग्लेशियर कुठे सुरू होतो, याला स्पष्ट रेघ नसते. नियम असा ठेवा: उतार जिथे एकदम मंद होतो आणि पहिली आडवी सुरकुती दिसते, तिथे सीमा. मग तिच्यासाठी वेगळा स्तंभ ठेवून ‘खात्रीची’, ‘साधारण’ किंवा ‘अंदाजे’ असं नोंदवा. वरून हिमनदी जोडलेली असेल तर ‘अंदाजे’ लिहायला मुळीच संकोच करू नका.

एकावर एक चढलेल्या जिभा हा आणखी एक त्रास. जुन्या, थंडावलेल्या जिभेवरून नवी जीभ उतरलेली असते. त्यांना वेगळे घटक मानून दोघांना एका समूहाचा क्रमांक द्या. ०.०१ चौरस किलोमीटर, म्हणजे एक हेक्टर, यापेक्षा लहान घटक सोडून द्या.

तक्त्यात किमान हे स्तंभ हवेत: क्रमांक, समूह क्रमांक, वर काय जोडलेलं आहे (घसारा, हिमनदी, हिमनदीचं मोकळं झालेलं अंगण, दरड, मातीचा उतार किंवा मिश्र), तोंडाच्या पायथ्याची उंची, माथ्याची उंची, उताराची दिशा, सक्रियता, सक्रियता कशावरून ठरवली, प्रतिमेची तारीख, रेषा कुणी मारली. शेवटचे दोन स्तंभ लोक गाळतात. गाळू नका.

कमीत कमी वीस रॉक ग्लेशियर दोघांनी एकमेकांचं न बघता काढावेत. क्षेत्रफळात वीस-तीस टक्के फरक सहज येतो, आणि तो जवळपास सगळा वरच्या सीमेतून येतो. मतभेद मिटवून एक रेघ ठरवा, पण तो फरक अनिश्चितता म्हणून पुढच्या हिशेबात न्या.

सरकतो का, किती

नुसत्या रूपावरून ठरवलेली सक्रियता कच्ची असते. वर्षाला डेसिमीटर ते काही मीटर सरकत असेल तर सक्रिय, डेसिमीटरपेक्षा कमी असेल तर संक्रमणातला, आणि हालचाल मुळीच नसेल तर मृत, असे नियमांतले तीन वर्ग आहेत.

छोट्या वेगांसाठी रडार वापरा. सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या, एकाच जागेच्या दोन तारखांच्या प्रतिमांमधला कलाफरक (परत आलेल्या लहरींच्या टप्प्यातला फरक) काढला, तर रडारच्या नजरेच्या रेषेत २.८ सेंटिमीटर हालचालीला रंगाचा एक पूर्ण पट्टा मिळतो. बारा दिवसांच्या जोडीत एक पट्टा म्हणजे वर्षाला सुमारे ८५ सेंटिमीटर. वेग याच्या जवळपास गेला की पट्टे मोजता येत नाहीत, नुसता गोंधळ दिसतो. तेव्हा जलद रॉक ग्लेशियरला लहान अंतराची जोडी घ्या, आणि संथ असेल तर २४, ४८ दिवसांची किंवा एका वर्षाच्या अंतराची. प्रक्रिया स्वतःच्या संगणकावर करायची गरज नाही. अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीच्या हायपी३ सेवेवर जोडी निवडली की तयार चित्र मिळतं. तिथे ८० मीटरऐवजी २० मीटरची चौकट मागवा, कारण एक हेक्टरच्या रॉक ग्लेशियरवर ८० मीटरच्या चौकटी एक-दोनच बसतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार उपग्रहाचं एल-बँड रडार सुमारे २४ सेंटिमीटर तरंगलांबीचं आहे. त्याचा एक पट्टा १२ सेंटिमीटरचा, म्हणून जलद जिभांना तो जास्त सोयीचा.

जोड्या फक्त हिमरहित दिवसांच्या घ्या, जुलैमध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. ओलं हिम आलं की दोन प्रतिमांमधली सुसंगती (लहरींचा मेळ) संपते. उपग्रह उत्तरेकडे जाताना उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे बघतो, त्यामुळे पूर्वाभिमुख उतार त्या फेरीत चांगले दिसतात. पश्चिमाभिमुख उतारांना दक्षिणेकडे जाणारी फेरी घ्या. चुकीची फेरी घेतली की कडा एकमेकांवर कोसळलेल्या दिसतात. आणि सरळ उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकणारी हालचाल रडारला जवळपास दिसतच नाही. आपले बरेच चांगले रॉक ग्लेशियर उत्तराभिमुख आहेत, म्हणजे अडचण मोठी आहे. अशा ठिकाणी ‘हालचाल दिसली नाही’ असं लिहा, ‘हालचाल नाही’ असं लिहू नका.

उत्तराभिमुखांसाठी प्रतिमांची जुळणी करा: दोन वर्षांच्या बारीक प्रतिमा घेऊन त्याच धोंड्यांच्या जागा ताडायच्या. आधी आजूबाजूच्या स्थिर कातळावर दोन्ही प्रतिमा जुळतात का ते तपासा. कातळावरच एक मीटरचा फरक असेल आणि प्रतिमांत पाच वर्षांचं अंतर असेल, तर वर्षाला २० सेंटिमीटरपर्यंतचा वेग तुम्हाला दिसणारच नाही. गूगल अर्थमध्ये तारीख बदलली की आख्खा डोंगर काही मीटर सरकतो. त्यावर थेट पट्टी लावून वेग मोजणं म्हणजे प्रतिमेची चूक मोजणं. अमेरिकेच्या करोना हेर-उपग्रहांची १९६० च्या दशकातली चित्रं १९९५ मध्ये खुली झाली. पन्नास-साठ वर्षांचं अंतर मिळाल्यामुळे तीन मीटरची जुळणीची चूकही वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरवर येते. फक्त इतक्या काळात पाठीवरचे सगळेच धोंडे ओळखू येत नाहीत, म्हणून तोंडाची कड आणि मोठ्या सुरकुत्या धरा.

साठ्याचा हिशेब

आतली जाडी माहीत नसते तेव्हा क्षेत्रफळावरून अंदाज काढतात. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सूत्र अँडीजमधल्या कामातून आलं आहे: सरासरी जाडी मीटरमध्ये = ५० × (चौरस किलोमीटरमधल्या क्षेत्रफळाचा ०.२ घात).

०.२ चौरस किलोमीटरचा एक रॉक ग्लेशियर घेऊ. जाडी येते ३६.२ मीटर, घनफळ ७२.५ लाख घनमीटर. न वितळलेल्या (म्हणजे सक्रिय आणि संक्रमणातल्या) रॉक ग्लेशियरमध्ये बर्फ घनफळाच्या ४० ते ६० टक्के धरायची रीत आहे. मध्यावर, ५० टक्के धरून आणि बर्फाची घनता ९०० किलो प्रति घनमीटर घेऊन, ३२.६ लाख घनमीटर पाणी निघतं. ४० टक्क्यांना २६ लाख, ६० टक्क्यांना ३९ लाख. कागदावर तिन्ही आकडे येऊ द्या. एकच लिहिला तर वाचणाऱ्याला तो मोजलेला वाटतो.

या सूत्रात दोन सापळे आहेत. क्षेत्रफळ २० टक्क्यांनी जास्त निघालं, तर साठा २४ टक्क्यांनी वाढतो, कारण जाडीही बरोबर वाढते. दुसरा सापळा कमी लक्षात येतो: तोच ०.२ चौरस किलोमीटरचा रॉक ग्लेशियर तुम्ही ०.१ चे दोन घटक म्हणून काढला, तर एकूण घनफळ ७२.५ वरून ६३.१ लाखांवर येतं. नुसत्या एका मधल्या रेघेने १३ टक्के पाणी गायब होतं! म्हणून घटक कसे तोडले याचा नियम यादीच्या पहिल्या पानावर हवा.

मृत रॉक ग्लेशियरला बर्फ शून्य धरा. झाकलेली हिमनदी चुकून यादीत शिरली असेल तर तिला हे सूत्र लावू नका, कारण तिच्यात दगडांच्या थराखाली जवळपास शुद्ध बर्फ असतो.

पैसा आणि माणसं असतील तर दोन-तीन रॉक ग्लेशियरवर विद्युत रोध मोजा. बर्फ असलेल्या भागाचा रोध फार जास्त येतो, दहा हजार ओहम-मीटरपासून दहा लाखांच्याही वर. धोंड्यांत वीज सोडायच्या खुंट्या टेकत नाहीत, म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज फटींत दाबून त्यांत खुंट्या खोचतात. (हे काम झऱ्याच्या पाण्याचे नमुने घेऊन झाल्यावरच करा, नाहीतर मीठ नमुन्यात उतरेल.) मात्र हवेने भरलेल्या पोकळ्याही तितकाच रोध दाखवतात. हवा की बर्फ हे ठरवायला हातोड्याने कंपनं पाठवून वेग मोजा: बर्फात ती सेकंदाला सुमारे साडेतीन हजार मीटर जातात, हवेत साडेतीनशेच्याही खाली.

वाहत्या पाण्याचा हिशेब

वरच्याच रॉक ग्लेशियरमध्ये वर्षाला सरासरी ५ सेंटिमीटर बर्फ वितळतो असं गृहीत धरू. त्याचं पाणी होतं ९,००० घनमीटर. शंभर दिवसांत वाटलं तर सेकंदाला एक लिटर, म्हणजे एक छोटा झरा. त्याच पाठीवर हिवाळ्यात ३०० मिलिमीटर पाण्याइतकं हिम पडलं, तर त्याचं पाणी ६०,००० घनमीटर, आणि वरच्या कड्यांवरून उतरणारं वेगळंच. तोंडाशी दिसणारं बहुतेक पाणी हे असं वरून आलेलं हिमाचं आणि पावसाचं असतं, आतल्या बर्फाचं थोडं. म्हणून रॉक ग्लेशियरकडे बर्फाची टाकी म्हणून बघण्यापेक्षा, पाणी अडवून, गार करून, उशिरा सोडणारा दगडी बांध म्हणून बघणं जास्त खरं आहे.

मृत रॉक ग्लेशियर यादीतून काढून टाकू नयेत, त्याचं कारणही हेच. ऑस्ट्रियातल्या झेकाऊ टाउएर्न डोंगरात शोनेबेन नावाचा मृत रॉक ग्लेशियर आहे. आत बर्फ नाही, तरी तो भूजलाचा चांगला साठा आहे, आणि पायथ्याचा झरा वर्षभर वाहतो. साठ्याच्या हिशेबात त्याचं मोल शून्य, प्रवाहाच्या हिशेबात बरंच.

मोजणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर करा, वरचं हिम संपल्यावर, आणि पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाल्यावर. आधी तोंडाचा पूर्ण पायथा चालून प्रत्येक झरा जीपीएसवर घ्या. तोंडाशी एकही झरा नसला तर थांबू नका. पाणी गाळाखालून जाऊन काहीशे मीटर खाली उगवतं.

तापमान झऱ्याच्या उगमावरच घ्या, दहा पावलं खाली नाही. थर्मामीटरची अचूकता ०.१ अंश हवी आणि तो कामाच्या आधी बर्फ-पाण्याच्या मिश्रणात शून्यावर ताडलेला हवा. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी १ अंशाखाली असेल तर वर पर्माफ्रॉस्ट असण्याची दाट शक्यता, १ ते २ अंशांना कदाचित, २ च्या वर बहुधा नाही. हिवाळ्यासाठी जमिनीवर तापमान-नोंदक ठेवून या. किमान ८० सेंटिमीटर हिमाखाली फेब्रुवारी-मार्चमध्ये तापमान उणे ३ अंशांपेक्षा खाली स्थिर राहिलं, तर खाली पर्माफ्रॉस्ट संभवतो. स्पितीत वारा हिम उडवून नेतो, आणि पातळ हिमाखाली ही कसोटी खोटं बोलते. नोंदकाची रेघ रोज वरखाली नाचत असेल तर वर पुरेसं हिम नव्हतं असं समजून ती नोंद वगळा.

सेकंदाला दोन लिटरांपर्यंतचा झरा दहा लिटरच्या बादलीने आणि घड्याळाने तीन वेळा मोजा. मोठ्याला मिठाची पद्धत चांगली. साधं मीठ, १०० ग्रॅम नीट वजन करून, बादलीभर पाण्यात पूर्ण विरघळवा आणि खळाळत्या जागी एकदम ओता. प्रवाहाच्या रुंदीच्या साधारण २५ पट अंतर खाली उभं राहून दर पाच सेकंदांनी विद्युतवाहकता लिहा, ती पुन्हा मूळ पातळीवर येईपर्यंत. वाहकता आणि मीठ यांचं नातं त्याच जागी काढा: १० लिटर ओढ्याच्या पाण्यात १ ग्रॅम मीठ म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम, त्याने वाहकता किती वाढली ते बघा. १ अंशाच्या पाण्यात यंत्राची तापमान-दुरुस्ती भरवशाची नसते, त्यामुळे पुस्तकातला गुणक वापरू नका. मग हिशेब सोपा: वाढलेल्या वाहकतेवरून मिठाचं प्रमाण काढून वेळेसमोर मांडलं आणि त्या वक्राखालचं क्षेत्र ५,००० मिलिग्रॅम-सेकंद प्रति लिटर निघालं, तर ओतलेलं १,००,००० मिलिग्रॅम मीठ भागिले ५,०००, म्हणजे सेकंदाला २० लिटर. सकाळी सात आणि दुपारी चारला दोनदा मोजा. हिमनदीच्या नाल्यात दोन्हींत मोठा फरक पडतो, रॉक ग्लेशियरच्या झऱ्यात बहुधा थोडा. तो थोडेपणा हीच पाणी आत अडून येत असल्याची खूण.

समस्थानिकांसाठी (पाण्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जड-हलक्या रूपांचं प्रमाण मोजण्यासाठी) बाटली काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा नको. हिम, पाऊस, झरा आणि जमलं तर आतला बर्फ असे चारही नमुने घ्या. आतला बर्फ मुळात हिमापासूनच झालेला असल्यामुळे दोघांची खूण अनेकदा सारखीच निघते. निव्वळ समस्थानिकांवरून ‘इतके टक्के बर्फाचं पाणी’ असं छापू नका, वाहकता आणि तापमान सोबत जोडा.

पाणी पिण्याचं असेल तर धातूही तपासा. इटलीच्या दक्षिण टिरोलमधल्या रासास तळ्यात रॉक ग्लेशियरमधून येणाऱ्या पाण्यामुळे निकेलचं प्रमाण पिण्याच्या मर्यादेपलीकडे गेलेलं आढळलं. गंधकयुक्त खनिजांचे खडक असतील तिथे झऱ्याखालचे दगड तांबूस किंवा पांढरट थराने माखलेले दिसतात. तसं दिसलं तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि निकाल येईपर्यंत गावाला हे पाणी शुद्ध असल्याचं सांगू नका.

तोंडाच्या उतारावरून चढू नका. दुपारी तिथून दगड सुटतच असतात. बाजूने चढून पाठीवर या. कामाआधी ३,५०० मीटरच्या आसपास दोन रात्री तरी काढा. सीमेजवळच्या भागात ड्रोनला आणि उपग्रह फोनला आधी परवानगी लागते, ती हातात असल्याशिवाय यंत्र पाठीवर घेऊ नका.

खोऱ्याशी जोडणं

शेवटी रॉक ग्लेशियरची यादी नाल्यांच्या हद्दीशी जोडा. डीईएमवरून प्रत्येक नाल्याचं पाणलोट काढा, आणि त्यात उघडी हिमनदी, झाकलेली हिमनदी, न वितळलेला रॉक ग्लेशियर आणि मृत रॉक ग्लेशियर असं क्षेत्र वेगळं मांडा. त्यापुढे सप्टेंबरचा मोजलेला प्रवाह, आणि त्या नाल्यावर कोणत्या गावाची कूल बसते ते. कुलेचं तोंड उपग्रहावरून शोधू नका. पाण्याच्या पाळ्या ठरवणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन चालत जा, कारण एकाच गावाची कूल दोन नाल्यांतून पाणी घेत असते, आणि कोणता नाला कोणत्या महिन्यात आटतो हे त्यालाच माहीत असतं. ज्या पाणलोटात उघडी हिमनदी जवळपास नाही आणि रॉक ग्लेशियर मोठा आहे, तो नाला पुढच्या मोजणीसाठी पहिला निवडा. तिथे वर्षभर पातळी-नोंदक बसवा, आणि जागेचे दोन बाजूंनी फोटो काढून ठेवा, म्हणजे जुलैमध्ये हिम उतरल्यावर तो सापडेल.